साळवे मॅडमचा फळा आणि 'मामांकडे' हा रकाना

इरफानभाई आणि मॅडमच्या साठीच्या गौरवअंकाच्या कामात असलेले सर्वजण यांना नमस्कार. लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुमचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी 'होतच आला आहे' असे सांगितले. ते खरे नव्हते. मी सातवी शिकलेला माणूस. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्या लागतात, हे एक कारण आहे. पण खरे कारण दुसरे आहे. अंकासाठी तुम्ही मॅडमची जी जीवनओळख लिहून सर्वांना वाचायला पाठवली, तिच्यात एक वाक्य आहे. मेंढपाळांच्या कामाच्या वेळी मॅडमनी एक काम न तपासता 'झालं' म्हणून मिटवले आणि ती त्यांच्या हातून झालेली एकमेव चूक, असे ते वाक्य आहे. ते काम मॅडमनी मिटवले नव्हते. मी मिटवले होते. ते वाक्य तसेच छापले जाऊ नये, एवढ्यासाठी हा कागद हातात घेतला. बाकी जे लिहीन तेही मनापासूनच आहे, पण हे आधी सांगून टाकले म्हणजे मध्येच धीर सुटायला नको.

करुणा साळवे मॅडमची आणि माझी ओळख तंत्रनिकेतनातली. त्या तिथे नव्याने शिकवायला आल्या होत्या आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीचा शिपाई होतो. सकाळी खोली उघडायची, कॉम्प्युटरवरची कापडे काढायची, संध्याकाळी परत झाकायची. कोणता कॉम्प्युटर काय त्रास देतो हे मी एका जुन्या हजेरीपटाच्या मागे लिहून ठेवत असे. तीन नंबरचा मध्येच झोपतो, सात नंबरचा दोनदा चालू करावा लागतो, अकराला मुंग्या लागल्या आहेत, असे. माझ्यापुरतेच होते ते. एकदा मॅडमच्या हाती तो कागद लागला. मला वाटले, सरकारी कागद वापरला म्हणून बोलतील. त्यांनी तो पूर्ण वाचला, मुंग्यांपाशी हसल्या आणि विचारले, "मामा, हे रोज लिहिता?"

मी म्हणालो, "व्हय. नंतर इसरतं म्हणून."

त्यांनी तो कागद दाराजवळ खिळ्याला अडकवला आणि विद्यार्थ्यांनाही तिथेच लिहायला सांगितले. दुरुस्ती झाली की ती ओळ खोडायची, पण खोडायची मी, तेही मशीन चालू करून पाहिल्यावरच. पुढे अनेक वर्षांनी एका कार्यक्रमात त्यांनी सांगितले की कामाची यादी कशी ठेवावी हे आपण त्या कागदावरून शिकलो. मला तेव्हा खुर्चीत बसवेना.

पुढे मॅडमनी नोकरी सोडली आणि शहरातल्या सिडको भागात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सॉफ्टवेअरची कंपनी काढली. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात त्यांचा निरोप आला. घरात बसून काय करणार, या, असा. मला वाटले चहापाण्याचे काम असेल. चहाचे काम होतेच, पण पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचा पांढरा फळा दाखवला. फळ्यावर चार रकाने आखले होते. 'करायचं', 'चालू आहे', 'मामांकडे' आणि 'झालं'. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहायचे आणि काम पुढे जाईल तशी चिठ्ठी पुढच्या रकान्यात चिकटवायची. तिसऱ्या रकान्यात चिठ्ठी आली की ते काम मी स्वतः मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर करून पाहायचे. मला जमले तरच चिठ्ठी चौथ्या रकान्यात. मला नाही जमले तर ती परत मागे, मग लिहिणारा कितीही हुशार असो.

या नियमाचा पोरींना आणि पोरांना सुरुवातीला फार राग येई. शीतल म्हणून आमच्याकडे एक हुशार मुलगी होती. तिची चिठ्ठी मी एकाच दिवसात तीनदा मागे नेली, तेव्हा ती मॅडमपुढे जाऊन म्हणाली की बटण तर समोरच आहे, मामांनाच दिसत नाही. मॅडमनी तिला सांगितले, "मामांना दिसत नाही म्हणजे ते समोर नाही." ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी तिने बटण मोठे केले आणि मला हाक मारून म्हणाली, "आता दिसतंय का, का गाडीच्या हेडलाइटएवढं करू?" मी म्हणालो, आता ठीक आहे.

एकदा पुण्याहून एक गिऱ्हाईक आले होते. त्यांनी विचारले की हे मामांकडे म्हणजे काय, तुमच्याकडे तपासणीसाठी प्रमाणपत्र असलेला माणूस नाही का. मी तिथेच चहा देत होतो. मॅडम म्हणाल्या, "हे मामा. सातवी पास. तुमचं सॉफ्टवेअर जे लोक वापरणार, त्यांच्यात सातवी पास किती असतील, ते तुम्हीच सांगा." गिऱ्हाईक हसले आणि त्यांनी काम दिले. मी मात्र पुढचे आठ दिवस काळजीत होतो, की आता चूक झाली तर मॅडम काय सांगतील.

आता त्या गोष्टीकडे येतो. ती समजायला लहान कंपन्यांची रीत समजली पाहिजे. मोठ्या गिऱ्हाइकांना भिंतीवरचा फळा चालत नाही. त्यांना कॉम्प्युटरवरचा फळा लागतो, म्हणजे त्यांना त्यांच्या गावाहून पाहता येतो, कोणते काम कोणी कधी मिटवले ते दिसते. म्हणून आम्हीही तो घेतला. दोन वर्षांत तीन वेगवेगळे घेऊन पाहिले. प्रत्येकाचे तेच. पहिले पंधरा दिवस सगळे हौसेने भरायचे, मग शीतल म्हणायची, "मामा, काम करू का कामाचं लिहीत बसू?" आणि खरी कामे पुन्हा भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवर यायची. कॉम्प्युटरवरचा फळा शनिवारी भरायचा. शनिवारी पाच वाजता त्यातून गिऱ्हाइकाला आठवड्याचा अहवाल आपोआप जायचा. त्यामुळे चार वाजले की सगळे जण आठवडाभराची कामे आठवून आठवून 'झालं'मध्ये ढकलायचे. कोणाचे काम मागे राहिलेले दिसले तर गिऱ्हाइकाचा सोमवारी फोन येई. मॅडमना ही शनिवारची घाई आवडत नसे, त्या बोलतही, पण हाताखाली दहाच माणसे आणि कामे वीस जणांची, किती बोलणार.

दुसरी रीत अशी. तो कॉम्प्युटरवरचा फळा दहा नावांपर्यंत फुकट होता. अकरावे नाव घातले की सगळ्यांचे पैसे पडायचे. अकरावा मी होतो. मॅडम म्हणाल्या, मामा, तुम्ही माझ्या नावाने उघडत जा. त्यांनी मला पासवर्ड एका कागदावर लिहून दिला आणि मी तो पाठ करून कागद फाडला. मी जे मिटवी ते सगळे मॅडमच्या नावावर जाई. अशी नावे उसनी घेऊन काम करणाऱ्या कंपन्या आपल्या शहरात पुष्कळ आहेत, हे मला पुढे कळले. तेव्हा यात काही चुकते आहे असे कोणाच्या मनातही आले नाही.

त्या वर्षी आमच्याकडे जनावरांच्या लसीकरणाचे काम करणाऱ्या एका संस्थेचे काम होते. कन्नड आणि सोयगाव भागातल्या मेंढपाळांच्या मोबाइलवर लसीच्या आदल्या दिवशी फोन वाजायचा आणि आवाज यायचा, की उद्या तुमच्या मेंढ्यांना लस आहे, अमक्या ठिकाणी या. हे काम मला माझे वाटे. मी देवगाव रंगारीच्या मेंढपाळ घरातला. माझ्या थोरल्या भावाच्या कळपात पावसाळ्याच्या तोंडावर पोटाचा आजार आला होता. धडधाकट मेंढरू सकाळी चरायला जाई आणि दुपारी आडवे होई. ते मी पाहिले आहे. पहिली लस दिल्यावर पंधरा दिवसांनी दुसरी दिली नाही तर पहिलीचा उपयोग राहत नाही, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

शेवटची चिठ्ठी दुसऱ्या लसीच्या फोनची होती. इरफानभाई, ती तुम्हीच लिहिली होती. तिच्यावर दोन गोष्टी तपासायच्या होत्या. दोन्ही लसी एकाच महिन्यात आल्या तर फोन वाजतो का, आणि पहिली लस महिन्याच्या शेवटी असून दुसरी पुढच्या महिन्यात गेली तर वाजतो का. त्या शनिवारी तुम्ही जालन्याला गिऱ्हाइकाकडे होतात आणि मॅडम कन्नडला गेल्या होत्या, आईंना दवाखान्यात ठेवले होते. मी पहिली गोष्ट तपासली. फोन वाजला, आवाज स्वच्छ आला. दुसऱ्या गोष्टीसाठी मोबाइलची तारीख बदलावी लागे आणि ती कशी बदलायची ते मी विसरलो होतो. शीतलला आदल्या दिवशी दोनदा विचारून झाले होते. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटली. पाचला दहा मिनिटे होती. सगळ्यांची कामे पुढे गेली होती आणि मॅडमच्या कंपनीचे एकच काम मागे दिसत होते, 'मामांकडे'. मला वाटले, मॅडम आधीच आईंच्या काळजीत आहेत, सोमवारी त्यांना गिऱ्हाइकाचे ऐकावे लागेल. एकदा वाजला म्हणजे दुसऱ्यांदाही वाजेल. मी मॅडमच्या नावाने फळा उघडला आणि ते काम 'झालं'मध्ये टाकले.

'झालं'मधली कामे रविवारी लोकांच्या मोबाइलवर जात. सोमवारी दुसरे काम आले. मी उरलेले तपासले नाही. विसरलो असे म्हणू शकत नाही. दोनदा आठवले आणि दोनदा उद्यावर टाकले.

महिना उलटल्यावर संस्थेचे साहेब ऑफिसात आले. बरोबर सोयगावकडचे नामदेव नावाचे एक मेंढपाळ होते. त्यांच्या चौदा मेंढ्या गेल्या होत्या. पहिली लस महिन्याच्या शेवटी झाली होती आणि दुसरीचा फोन आलाच नव्हता. नामदेव खुर्चीवर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. मी पाणी दिले तेव्हा माझ्या बोलण्यावरून त्यांनी ओळखले की मी त्यांच्यातलाच. हळूच म्हणाले, "मामा, मी दुसऱ्याच्या घरी जाऊन मोबाइल चार्ज करीत होतो. रानातबी संगं नेत होतो. वाजलाच नाय."

मी ट्रे उचलून दाराकडे गेलो.

साहेबांनी कॉम्प्युटरवरचा फळा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला. ते काम उघडले. खाली लिहिलेले होते, करुणा साळवे, शनिवार, चार वाजून पन्नास मिनिटे. साहेबांनी विचारले की मॅडम, हे तुम्ही स्वतः मिटवले आहे, तपासले होते का. मॅडम त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मी दारात ट्रे धरून उभा होतो. आता बोलावे, आता बोलावे असे म्हणत राहिलो. मॅडम म्हणाल्या, "माझं नाव आहे. तपासायला हवं होतं, तपासलं गेलं नाही." मग त्या नामदेवांकडे वळून म्हणाल्या, "दादा, चूक आमची आहे. तुमची नाही." साहेबांनी ते काम पुढे दुसऱ्या कंपनीला दिले. शहरात लोक बोलले. लहान धंद्यात बोलणे फार लवकर पसरते, आणि साळवे मॅडम न पाहताच कामे मिटवतात, हे मी पुढे तीन ठिकाणी माझ्या कानांनी ऐकले. तिन्ही ठिकाणी गप्प बसलो. माझे वय झाले होते, हे काम गेले तर कोण ठेवणार, असे मनात येई. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिले.

काम गेले तरी मॅडमनी ते सोडले नाही. संस्थेने बोलावले नव्हते, तरी त्या महिन्यात त्या चार वेळा सोयगावला गेल्या, एस.टी.ने, आणि मला बरोबर नेले. ज्यांची ज्यांची दुसरी लस राहिली होती त्यांची यादी त्यांनी हाताने लिहून काढली होती. आम्ही एकेका वाडीवर जाऊन दुसरी लस झाली का ते विचारत होतो. काही ठिकाणी लोकांनी बसायला घोंगडी टाकली, एका ठिकाणी एक म्हातारी म्हणाली, "आता आलाव व्हय. मेल्यावर लस टोचायची का?" मॅडमनी ते ऐकून घेतले आणि तिच्या राहिलेल्या मेंढ्यांची नावे लिहून घेतली. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला विचारले की मेंढरू आजारी आहे हे आधी कशावरून ओळखायचे. मी सांगितले की ते कळपाच्या मागे राहते, मान खाली ठेवते आणि रवंथ थांबवते. त्यांनी तेही लिहून घेतले. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. त्या दिवसांत मी फार थकून जात असे आणि झोप लागत नसे.

त्यानंतर मॅडमनी ऑफिसातल्या दोन गोष्टी बदलल्या. शनिवारचा आपोआप जाणारा अहवाल बंद केला. काम झाले की तेव्हाच भरा, नाही झाले तर मागे दिसू द्या, असे सर्वांना सांगितले. मागे राहिलेली कामे पाहून एक गिऱ्हाईक सोडून गेले. त्यांनी जाऊ दिले. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरवरच्या फळ्याचे पैसे भरायला सुरुवात केली आणि अकरावे नाव घातले, रंगनाथ मामा. मला बोलावून म्हणाल्या, "आता तुमच्या नावाने मिटवायचं. आणि ज्याला विचारायचं त्याला दहादा विचारायचं." मला वाटले ही माझी बढती आहे. पण मला दोन दिवस जेवण गेले नाही, कारण ज्याला हाकलायला हवे त्यालाच बढती मिळाली, असे वाटत होते. मॅडमना काही ठाऊक नाही, याच समजुतीत मी राहिलो. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे काम सोडले, तेव्हाही याच समजुतीत सोडले.

मग तुमचे वाक्य वाचले. तुम्ही ते फळ्यावरच्या नोंदीवरून लिहिले, तुमचा दोष नाही. मी पंधरा दिवस कागद पुढे घेऊन बसत होतो. शेवटी गेल्या रविवारी लेख अर्धा लिहून मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी गुडघ्याचे विचारले, चहा केला. मी म्हणालो, आधी हे ऐका, आणि वाचून दाखवले. वाचताना दोनदा थांबलो. माझे झाल्यावर म्हणाल्या, "मामा, चार वाजून पन्नास मिनिटांनी मी आईच्या सलाइनची बाटली धरून उभी होते. पडद्यावर ती वेळ दिसली तेव्हाच मला कळलं."

मी विचारले, मग तुम्ही बोलला का नाही.

"काय बोलणार होते? दहा जणांना त्यांचं नाव दिलं आणि पैसे वाचवायला तुम्हाला माझं दिलं. तुमचं नाव तिथं असतं तर तुम्ही तो शनिवार असा ढकलला असता का?"

मी म्हणालो, "नसता ढकलला. पण लोक तुम्हाला बोलतेत, ते मला नाय ऐकवत."

त्या म्हणाल्या, "इरफानचं वाक्य आहे तसं राहू द्या. साठ वर्षांत एकच चूक लिहिली त्यानं, मला तर कमीच वाटली." आणि हसल्या. मग हसू गेल्यावर म्हणाल्या की या वयात तुमचं नाव त्यात कशाला, घरी सून आहे, नातवंडं वाचतील. मी चहा तसाच ठेवून उठलो.

घरी परतताना रिक्षात मी पुष्कळ विचार केला. मॅडमनी सांगितले आणि मी ऐकले नाही, असे आजवर एकदाही झाले नाही. चिठ्ठी मागे न्या म्हणाल्या, नेली. सोयगावला चला म्हणाल्या, गेलो. हे एक मी ऐकणार नाही. नातवंडे वाचतील तर वाचू देत. मोठ्या नातीला मी कालच वाचायला दिले. ती म्हणाली, आजोबा, शुद्धलेखन सुधारून देते. तिने सुधारले, मजकूर बदलला नाही. त्यामुळे हा लेख वाचायला बरा झाला असेल तर ते तिचे.

मॅडमनी आता थोडे बसावे असे मला वाटते. त्यांना साखरेचा त्रास आहे आणि त्या जेवणाच्या वेळा पाळत नाहीत. त्यांना पुढची पुष्कळ वर्षे निरोगी मिळोत, पायांत बळ आणि डोळ्यांत नजर राहो, आणि त्यांच्या फळ्यावर चिठ्ठ्या कधी कमी न पडोत. ज्यांनी त्यांच्याकडे काम शिकून बाहेर मोठ्या नोकऱ्या धरल्या, त्या सगळ्यांनी वर्षातून एकदा तरी येऊन त्यांच्याकडे चहा घ्यावा, एवढे या निमित्ताने सांगतो.

इरफानभाई, आता शेवटचे. तुमच्या लिखाणातले ते वाक्य काढा आणि तिथे लिहा की ते काम रंगनाथ मामांनी मिटवले. मॅडम तुम्हाला फोन करून माझा लेख थांबवायला सांगतील, कदाचित सांगितलेही असेल. त्यांचे या वेळी ऐकू नका, हे मी हात जोडून सांगतो. पाने छापखान्यात गेली असतील तर तसेही कळवा. मग मी स्वतः तिथे येईन, गुडघे दुखले तरी. काहीही ठरो, उद्या-परवात कळवा. मला ताटकळत ठेवू नका.